वाकड्या पावलाचं प्लास्टर आणि घरचा साचा: एका मूर्तिकार बापाकडून

आमच्या घरात साचे तीन पिढ्यांचे. श्रावणापासून गणपती, मग महालक्ष्म्यांचे मुखवटे, मग कोजागिरीपर्यंत भुलाबाई. प्लास्टर ऑफ पॅरिसचं पोतं मला घरातल्या पिठाच्या डब्याइतकं ओळखीचं. त्यामुळे लेक झाली, तिची दोन्ही पावलं आत वळलेली, तळवे एकमेकांकडे तोंड करून, आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘घाबरू नका, प्लास्टर लावत जाऊ, सरळ होतील,’ तेव्हा मला वाटलं, हे तर आपलंच काम. पहिल्याच दिवशी मी जो घोळ घातला तो पुढे सांगतो.

आता पोरगी अंगणवाडीत पळते. पण आजूबाजूच्या गावांत कुणाच्या ना कुणाच्या लेकराचे पाय असे निघतात आणि मला फोन येतो. दर वेळी तेच ते सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो. मी डॉक्टर नाही. पाय कसा वळवायचा हे त्यांचं काम. मायबापांनी काय करायचं तेवढंच इथे आहे. शेवटी घरच्या साच्याचंही लिहिलं आहे, कारण आमच्या फळीवरची लेकीची प्लास्टरची पावलं पाहिली की लोक उपचार विसरून तेच विचारत बसतात.

आधी पावडर ओळखून घ्या

जिप्सम नावाचा मऊ दगड असतो. आपल्याकडे तो मुख्यतः राजस्थानातून येतो. तो सुमारे १५० अंशांवर भाजला की त्यातलं बरंचसं पाणी उडून जातं आणि पांढरी भुकटी उरते. पॅरिसच्या माँमार्त्र टेकडीत या दगडाच्या खाणी होत्या, म्हणून नाव प्लास्टर ऑफ पॅरिस. या भुकटीला पाणी परत दिलं की ती पुन्हा दगड होते, आणि होताना गरम होते. जमताना किंचित फुगते, म्हणून साच्यातली बारीकशी रेघही उचलते. एकदा जमली की पुन्हा कितीही पाणी घाला, कालवता येत नाही.

हीच भुकटी जाळीच्या पट्टीत भरली की दवाखान्यातलं प्लास्टर. ही युक्ती अँटोनियस मॅथायसन या डच लष्करी डॉक्टरने १८५२ साली छापून जगापुढे मांडली. त्याआधी खळीत बुडवलेल्या पट्ट्या बांधत, त्या कडक व्हायला दिवस दिवस लागत, आणि तोवर जखमी शिपायाला हलवलं की हाड पुन्हा सरकायचं. प्लास्टर काही मिनिटांत धरतं, सगळा फरक तेवढाच.

एक गोष्ट मला पाचव्या प्लास्टरला समजली, तुम्ही पहिल्यालाच समजून घ्या. प्लास्टर पाय सरळ करत नाही. सरळ करतात डॉक्टरांचे हात. प्लास्टर फक्त हातांनी दिलेली जागा आठवडाभर धरून ठेवतं. म्हणून ‘प्लास्टर तर कुठेही लागतं, जवळच लावून घेऊ’ असं करू नका. या पद्धतीत शिकलेले हात कुठे आहेत ते शोधा.

१. वाट पाहू नका, पहिल्या पंधरा दिवसांत दाखवा

आमच्या घरी पहिले चार दिवस वादात गेले. माझी आई म्हणे, ‘गिऱ्हनात सुपारी कातरली हिनं, म्हनून असं झालं.’ बायको रडून रडून अर्धी. शेवटी आशाताई आल्या, पाय पाहिले आणि आईला म्हणाल्या, ‘आत्या, मागच्या साली त्या पल्याडच्या टोलीवर असंच लेकरू झालं होतं, त्याची माय तं गिऱ्हनात घरात दार लावून बसली होती.’ आई गप्प झाली.

ग्रहणाचा, सुपारीचा, कुणाच्या नजरेचा याच्याशी संबंध नाही. साधारण हजारात एका बाळाला हे असतं, मुलींपेक्षा मुलांना जास्त, आणि जवळजवळ निम्म्यांना दोन्ही पायांना. आईने काही केलं म्हणून हे होत नाही.

आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्यात तपासायच्या जन्मजात दोषांच्या यादीत वाकडी पावलं आहेत आणि या वाटेने गेलात तर उपचार मोफत होतो. गावात सगळे ‘आरबीएसकेची गाडी’ म्हणतात ती हीच. तिथून चिठ्ठी मिळते जिल्हा रुग्णालयाची. वैद्यकीय महाविद्यालय जवळ असेल तर हाडांच्या विभागात सरळ गेलात तरी चालतं. विचारताना ‘पोन्सेटी पद्धतीने प्लास्टर लावता का, आणि कोणत्या वारी?’ असं विचारा. इग्नासिओ पोन्सेटी हे मूळचे स्पेनचे, अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात काम केलेले डॉक्टर. मोठं ऑपरेशन टाळून पाय वळवायची रीत त्यांनी बसवली. वाकड्या पायांचा वार बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो. भलत्या वारी गेलात की एसटीचं भाडं फुकट.

इथे दोन सापळे आहेत. पहिला, ‘तेल लावून चोळा, आपोआप सरळ होईल.’ होत नाही. नुसतं गर्भात दुमडून बसलेलं पाऊल असेल तर ते बोटाने हलकेच सरळ होतं, खरं वाकडं पाऊल होत नाही, आणि हा फरक डॉक्टरांनी ओळखायचा. दुसरा, हाडवैद्याकडून कामट्या बांधून घेणं. नवजात पायावर घट्ट कामट्या म्हणजे रक्त बंद.

उशीर झाला असेल, लेकरू वर्षाचं असेल, चालायला लागलं असेल, तरी जा. वेळ जास्त लागतो, पण दार बंद झालेलं नसतं.

२. पिशवी

कागद:
- बाळंतपणाचा डिस्चार्ज कागद आणि माता-बाल संरक्षण कार्ड
- आरबीएसके किंवा आरोग्य केंद्राची रेफर चिठ्ठी
- आई किंवा वडिलांचं आधार, रेशनकार्ड
- जन्मदाखला निघाला असेल तर तो. नसेल तर त्यासाठी थांबू नका
- आधीचे सगळे केसपेपर एकाच प्लास्टिकच्या पिशवीत, आणि मोबाइलमध्ये त्यांचे फोटो

सामान: जुन्या लुगड्याचे मऊ तुकडे भरपूर, सैल झबली (चड्डी प्लास्टरवरून चढत नाही), एक जाड दुपटं, एक पेन. पेन कशाला ते चौथ्या पायरीला समजेल.

आणि बाळ थोडं भुकेलं राहील अशा बेताने पोचा. प्लास्टर लावताना आईने पाजायला घेतलं की लेकरू पाय सैल सोडतं. पोट भरून झोपवून नेलेली आमची लेक टेबलावर अशी काही ताणली की ब्रदरांच्या कपाळाला घाम आला.

३. टेबलावर काय चालतं

आधी मिनिटभर हातानेच पाऊल हळूहळू वळवतात. मग मऊ कापसाची गुंडाळी, मग ओल्या पट्ट्या. बोटांपासून मांडीच्या वरपर्यंत, गुडघा काटकोनात वाकवून. गुडघ्यापर्यंतच लावलं तर पाय आत फिरतो आणि लहान बाळाच्या गुटगुटीत पायातून प्लास्टर सुटून येतं. कुणी ‘गुडघ्यापर्यंत पुरे’ म्हणत असेल तर दुसरीकडे विचारा.

पट्टी बादलीत बुडवल्यावर बुडबुडे थांबेपर्यंत धरतात, मग हलकं पिळतात. ते बघताना मला फार ओळखीचं वाटलं, आम्ही साच्यात भरायला काथ्या असाच भिजवतो. लावून झाल्यावर डॉक्टरबाईंनी अंगठा पावलाच्या बाहेरच्या उंचवट्यावर ठेवला आणि प्लास्टर जमेपर्यंत नुसती धरून राहिल्या. टाचेला हातही लावला नाही. मी विचारलं, ‘मॅडम, टाच तर वर चढली आहे, ती नाही का ओढायची?’ त्या म्हणाल्या, ‘ती शेवटी. आधी ओढली तर पाऊल मधूनच मोडल्यासारखं वाकतं.’

पहिलं प्लास्टर लागल्यावर पाऊल आणखीच उलटं, आत आणि वर वळलेलं दिसतं. नातेवाईक हमखास म्हणतात, ‘हे तर बिघडवलं!’ बिघडवलेलं नाही. पहिल्या फेरीला तसंच ठेवतात, दुसऱ्या-तिसऱ्याला बाहेर वळायला लागतं. आमचे मामेसासरे या एका गोष्टीवरून लेकीला परत घेऊन जायला निघाले होते.

असं दर आठवड्याला. बहुतेकांना चार ते सात प्लास्टरं लागतात.

४. घरी आल्यावर पहिले दोन दिवस

आता माझा घोळ. थंडीचे दिवस, प्लास्टर हाताला गारढोण ओलं लागत होतं. मी साचे वाळवणारा माणूस, सरळ चुलीजवळ बाज ओढली आणि मूर्ती वाळवतात तशी लेक वाळवायला बसलो. अर्ध्या तासाने आईने हात लावला आणि ओरडली. वरून कोमट लागणारं प्लास्टर आत तापलेलं असतं आणि उष्णता सोडत नाही. लेकीच्या मांडीवर नुसती लाली आली, फोड आला नाही, हे नशीब. प्लास्टर काही मिनिटांत कडक होतं पण पूर्ण सुकायला दोन-तीन दिवस घेतं. त्याला उघडी हवा द्या. चूल, ऊन, हीटर, केस वाळवायचं यंत्र, काही नको. वैशाखात प्लास्टर लागलं असेल तर लेकराला पंख्याखाली, सावलीत ठेवा, पण कूलरपासून लांब. कूलरची ओली हवा प्लास्टर सुकू देत नाही आणि आतला घाम कुजतो.

ओलं असताना प्लास्टर बोटांच्या टोकांनी उचलू नका, पूर्ण तळव्याने उचला. बोट रुतलं की आतल्या बाजूला खळगा पडतो आणि तो आठवडाभर कातडीला टोचत राहतो. पायाखाली दुमडलेलं दुपटं ठेवा, टाच अधांतरी राहू द्या.

पहिल्या दिवशी दर दोन तासांनी, पुढे दिवसातून चार-पाच वेळा, बोटं पाहा. अंगठ्याचं टोक दाबा, पांढरं होईल. सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी झालं पाहिजे. आणि घरी आल्याबरोबर पेनाने प्लास्टरवर खूण करा की बोटांची टोकं कुठपर्यंत दिसतात.

पुढचं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता निघा. १०८ ला फोन करा:
- बोटं निळी, पांढरी, थंड, किंवा सुजलेली
- बोटं खुणेपासून आत गेलेली. म्हणजे प्लास्टर खाली सरकलं आहे, आणि सरकलेलं प्लास्टर टाचेला घासून जखम करतं
- पाजून, घेऊन, झुलवूनही न थांबणारं रडणं
- ताप, आतून घाण वास, बाहेर डाग

आमचं चौथं प्लास्टर शनिवारी रात्री सरकलं. चार बोटं दिसत होती ती दोनच दिसायला लागली. गाडी मिळेना, रस्ता नाल्याच्या पुराने बंद, पाऊस अवकाळी. डॉक्टरबाईंनी निघताना सांगून ठेवलं होतं म्हणून निभावलं: कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं प्लास्टरवर गुंडाळायचं, अर्धा तास ओलं ठेवायचं, मग पट्टीचं शेवटचं टोक शोधून उलटं उलगडत जायचं. रात्री दीडपर्यंत दोघं नवरा-बायको ते टोक शोधत होतो. म्हणून पेनाचं दुसरं काम: लावून झाल्यावर ब्रदरांना विचारून शेवटच्या टोकावर बाण काढून घ्या. आणि घरी कधी, कसं काढायचं हे पहिल्याच भेटीत विचारून ठेवा. चाकू, कात्री, पक्कड लेकराच्या पायाजवळ आणू नका.

लघवी-शी यांचं काय, हा सगळ्यांचा प्रश्न. मांडीजवळच्या कडेला प्लास्टिकची पातळ पट्टी आतून बाहेर दुमडून लावतात, ती सिस्टरकडून शिकून घ्या. लंगोट प्लास्टरच्या वर जाऊ देऊ नका. आठवडाभर अंघोळ नाही, ओल्या फडक्याने पुसणं. आजीला हे पटत नाही. आमच्या आजीला तर शेवटपर्यंत पटलं नाही.

५. टाचेची शिर

चार-पाच प्लास्टरांनंतर पाऊल बाहेर छान वळतं पण टाच वरच राहते. मग टाचेमागची घट्ट शिर सुईच्या भोकाएवढ्या छेदातून कापतात. ‘कापतात’ ऐकून आमच्याकडे रडारड झाली. लहान बाळाला बहुतेक वेळा जागा बधिर करूनच हे होतं, टाका नाही, काही मिनिटांचं काम. शिर लांब होऊन पुन्हा जुळते. यानंतरचं प्लास्टर तीन आठवडे राहतं, ते मधेच काढायचं नाही. प्लास्टरवर रक्ताचा छोटा डाग दिसतो, तो वाढत गेला तरच फोन करा.

६. बूट, जिथे बहुतेक लोक फसतात

प्लास्टर संपलं, पाय सरळ झाले, पेढे वाटले, आणि तिथेच बहुतेक घरांत उपचार संपतो. पाय मात्र परत वळू पाहत असतो.

दोन बूट आणि मध्ये एक दांडी असं साधन मिळतं. दांडी बाळाच्या खांद्यांच्या रुंदीइतकी, बूट बाहेर वळवलेले. पहिले तीन महिने दिवसातले तेवीस तास, एक तास अंघोळ-मालिशला. त्यानंतर रात्री आणि दुपारच्या झोपेला, आणि हे चार-पाच वर्षांचं होईपर्यंत. हो, चार-पाच वर्षं.

पहिल्या दोन-तीन रात्री लेकरू आकांत करतं. त्याला दोन्ही पाय एकदम हलवावे लागतात हे समजत नाही. दांडी धरून दोन्ही गुडघे एकत्र वाकवा, सरळ करा, खेळ करा. सुती मोजे घाला. आधी टाच तळाला टेकवा, मग मधला पट्टा आवळा. टाच खाली बसली की नाही हे बघायला बुटाच्या आतल्या बाजूला बोटांपाशी पेनाची रेघ मारा. (पेन अजून टाकू नका.) लाल डाग दिसला तर क्रीम लावू नका, कातडी मऊ होऊन अजून सोलते. डाग काही वेळाने जात नसेल किंवा फोड आला तर दाखवा.

आमचं काय झालं ते सांगतो. लेक सात महिन्यांची, चैत्र-वैशाखाची लग्नसराई, तीन आठवड्यांत चार लग्नं. मंडपात लोक त्या दांडीकडे बघत, बाया ‘मायबाई, लेकराले बेडी काऊन घातली?’ म्हणत. बायको म्हणाली, राहू द्या, लग्नं झाली की घालू. मीही मान डोलावली. चौथ्या लग्नाच्या परतीला उजवं पाऊल पुन्हा आत वळताना दिसलं. पुन्हा दोन प्लास्टरं. पहिल्यापेक्षा ती जड गेली, कारण आता ती रांगायला लागली होती आणि फरफटत सगळं घर फिरायची. बूट लहान होत आले की आठवडाभर आधीच सांगा, ‘पुढच्या वेळी आणतो’ म्हणून मधे खंड पडू देऊ नका.

७. मोडलेल्या हाडासाठी थोडक्यात

मोठ्यांच्या प्लास्टरचे फोनही येतात, म्हणून. पहिल्या दिवशी अर्धंच, एका बाजूने, लावलं तर ते हलगर्जीपणा नाही. सूज येणार असते, तिला जागा म्हणून आधी स्लॅब, सूज उतरली की पूर्ण प्लास्टर. पहिले दोन-तीन दिवस हात किंवा पाय छातीपेक्षा उंच. बोटं सतत हलवत राहा. औषध घेऊनही वाढत जाणारी कळ, बोट सरळ केलं तर जीव जाईल अशी कळ, मुंग्या, बधिरपणा: यातलं काहीही झालं तर त्याच रात्री दवाखाना, कारण आतला दाब काही तासांतच स्नायू मारतो. खाज आली म्हणून छत्रीची तार किंवा पट्टी आत घालू नका. प्लास्टर कापायची मशीन आवाजानेच घाबरवते, पण तिचं पातं गोल फिरत नाही, नुसतं थरथरतं, मऊ कातडीला सहसा कापत नाही. गरम लागलं तर सांगा, ते थांबतात. मनगटाचं हाड मोठ्या माणसाला साधारण सहा आठवडे घेतं, पोराला कमी. कपाशीची वेचणी आहे म्हणून चौथ्या आठवड्यात प्लास्टर भिजवून काढणारे मी दोघं पाहिले, दोघांचंही मनगट वाकडं जुळलं.

८. घरचा साचा: आधी एक भीती

आता माझं क्षेत्र. पण सुरुवात भीतीने करतो, कारण शाळांमधून ‘हाताचा साचा’ म्हणून उपक्रम घेतात. इंग्लंडमध्ये २००७ साली एका शाळेत १६ वर्षांच्या मुलीने कलेच्या तासाला दोन्ही हात प्लास्टरच्या बादलीत घातले. प्लास्टर जमलं, तापलं, हात निघेनात. तिची बहुतेक बोटं कापावी लागली. दवाखान्यातली पट्टी पातळ असते आणि खाली कापूस असतो, म्हणून ती सोसते. जाड गोळ्यात उष्णता कोंडते. अंगाचा कोणताही भाग प्लास्टरमध्ये बुडवायचा नाही. ठसा मातीत घ्यायचा, प्लास्टर मातीत ओतायचं.

९. पावलाचा ठसा, सविस्तर

माती: कुंभाराकडची चिकणमाती घ्या, खडे काढलेली, कणकेपेक्षा किंचित मऊ. शेतातली काळी माती वापरू नका, वाळताना इतकी आकसते की ठशात भेगा पडतात.

पावडर: हार्डवेअरच्या दुकानात छताच्या कामाची पीओपी मिळते, ती पुरते. पोतं पावसाळ्यात उघडं राहिलेलं नको. चिमूट घेऊन बघा, गुठळ्या असतील तर ती हवेतलं पाणी पिऊन आधीच अर्धी जमलेली आहे, तुमच्याकडे ती भुसभुशीतच राहील.

भांडं: लवचीक प्लास्टिकचं घमेलं. उरलेलं वाळलं की दाबून फोडता येतं. नाकावर रुमाल.

मातीची दोन बोटं जाड भाकर थापा. लेकराचं पाऊल धुवून, पुसून, टाचेकडून बोटांकडे एकदाच दाबा आणि सरळ वर उचला. हललं तर माती पुन्हा थापा, दुरुस्त करत बसू नका. भोवती मातीचीच बोटभर उंच भिंत उभारा.

पाणी आधी, पावडर नंतर. हे उलटं केलं तर तळाशी कोरडे गोळे राहतात. वजनाने पाणी सत्तर भाग, पावडर शंभर भाग. पावडर मुठीतून पाण्यावर भुरभुरत सोडत जा, पाण्यावर बेटं दिसायला लागली की थांबा. मिनिटभर तसंच भिजू द्या. मग हात तळाशी ठेवून हळू ढवळा, फेस होऊ देऊ नका. ताकासारखं असताना ओतायला घ्या, दह्यासारखं झालं तर ओतू नका आणि पाणी तर मुळीच वाढवू नका, फेकून द्या. एका कोपऱ्यातून ओता, स्वतः पसरू द्या. पाट खालून हलकेच ठोका, हवेचे बुडबुडे वर येतात. मीठ किंवा कालच्या वाळलेल्या प्लास्टरचा चुरा पडला तर झटकन जमतं, म्हणून घमेलं स्वच्छ. सरसाचं पाणी थोडं घातलं तर उशिरा जमतं, नवख्याला हे बरं.

थोड्या वेळात वरून हात लावा, गरम लागेल. गरम होऊन पुन्हा गार झालं की माती सोलून काढा, मऊ ब्रशने पाण्याखाली धुवा.

मूर्तीचा साचा हे याच्या उलट काम. मातीच्या मूर्तीवर प्लास्टर चढवायचं, पण आधी साबणाचं पाणी आणि थोडं खोबरेल, नाहीतर चिकटलंच. साचा एकदाच वापरून फोडायचा असेल तर पहिल्या थरात कपड्याची नीळ घाला. मग छिन्नीने फोडताना निळं दिसलं की हात हलका करायचा, आत मूर्ती आली. आणि मातीची मूर्ती साच्यातून काढायची असेल तर साच्याला तेल नको, तो कोरडाच हवा. कोरडं प्लास्टर मातीतलं पाणी ओढून घेतं, माती अंग चोरते आणि आपोआप सुटते. महालक्ष्मीचा मुखवटा असाच निघतो, अर्ध्या तासात, नाकाच्या शेंड्यासकट. (पीओपीच्या मूर्तींना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सूचनांत मनाई केली होती. साचा प्लास्टरचा आणि मूर्ती मातीची, हा आमचा जुनाच धंदा.)

मोठ्या कामाची रीतही हीच, फक्त तुकडे जास्त. सांचीच्या पूर्वेकडच्या तोरणाचे १८६९-७० च्या सुमारास लेफ्टनंट हेन्री कोलने तुकड्या-तुकड्यांनी साचे घेतले आणि लंडनच्या संग्रहालयात अख्खं तोरण प्लास्टरमध्ये उभं राहिलं. आणि जयपूर फूटच्या शिबिरात गेलात तर पाहा: तुटलेल्या पायाच्या खुंटावर प्लास्टरची पट्टी गुंडाळतात, ती टोपीसारखी काढतात, आत प्लास्टर ओततात, त्या खुंटाच्या प्रतीवर कृत्रिम पायाचा वरचा कप बसवतात. मूर्तिकार आणि दवाखाना इतके जवळ मी आणखी कुठे पाहिले नाहीत.

१०. फळीवरची पाच पावलं

लेकीची प्लास्टरं दवाखान्यात कापून काढली तेव्हा उजव्या पायाची ती टरफलं मी मागून घेतली. सरकलेलं चौथं आम्हीच उलगडून टाकलं होतं, ते गेलं. बाकीच्यांचे दोन्ही अर्धे दोरीने बांधले, आतून साबण फिरवला, वर सांगितलं तसं प्लास्टर ओतलं. आत कापूस असल्यामुळे बोटं उमटली नाहीत, पण पावलाचा कोन अगदी बरोबर आला. पहिलं आत वळलेलं, मग हळूहळू उघडत गेलेलं, शेवटचं सरळ. लग्नसराईनंतरच्या पहिल्या प्लास्टरचंही ठेवलं आहे, सगळ्यांत शेवटी, थोडं परत आत आलेलं. बूट घालायचा कंटाळा करणारे मायबाप आले की मी त्यांना तेच हातात देतो.

तुम्ही करणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: मागच्या बाजूला लेकराचं नाव आणि तारीख खिळ्याने कोरायची ती प्लास्टर गरम व्हायच्या आत, साधारण खवा घट्ट होतो तेवढं झालं की. माझ्या पहिल्या दोन पावलांवर तारीख नाही. घमेल्यात उरलेलं नालीत ओतू नका, तिथेच दगड होऊन बसतं. वाळू द्या आणि फोडून टाका.